‘खडक लागला, बिल वाढलं’: फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

सरकारी बांधकामांबद्दलचा एक मेसेज ग्रुपांवर पुन्हा पुन्हा येतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कंत्राटदार कमी दर भरून काम पदरात पाडून घेतात आणि मग ‘पायाच्या खोदाईत अनपेक्षित खडक लागला’ म्हणून दर वाढवून घेतात. जागा पाहिल्याचं त्यांनी लिहून दिलेलं असतं. खासगी कामात असले पैसे कोणी देत नाही. म्हणून असे जादा पैसे देणारी कलमं करारातून काढून टाका, सरकारचे पैसे वाचतील.

यामागचा राग समजतो. २०१२ च्या सिंचन वादानंतर वाढीव खर्चाच्या कागदाकडे लोक संशयानेच बघतात. पण मेसेजने चोर चुकीचा धरलाय. पैसा गळतो तो जमीन तपासायला न घेतलेल्या बोअरमुळे आणि खोदताना न नोंदलेल्या लेव्हलमुळे (खोलीच्या मापांमुळे).

‘खडक लागला की दर वाढतो’

महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या बी-१ (टक्केवारीवरचं टेंडर) आणि बी-२ (बाबवार दराचं टेंडर) या करार फॉर्ममध्ये ‘अनपेक्षित जमीन’ असं वेगळं कलम नाही. सगळा कारभार चालतो तो परिमाण वाढीच्या कलमावर. बी-१ मध्ये ते ३८ वं, बी-२ मध्ये ३७ वं. एखाद्या बाबीचं परिमाण टेंडरपेक्षा २५ टक्क्यांपर्यंत वाढलं तर दर तोच राहतो. त्यापुढच्या परिमाणाची किंमत ५,००० रुपयांहून जास्त होत असेल, तर तेवढ्याच भागाला चालू डीएसआरचा, म्हणजे सरकारी दरसूचीचा, दर मिळतो. त्या दरालाही टेंडरची एकूण टक्केवारी लागते. टेंडर अंदाजपत्रकापेक्षा १२ टक्के कमी (बिलो) असेल तर हा दरही १२ टक्के बिलो.

आकडे समजुतीपुरते घेऊ. कठीण खडकातलं खोदकाम टेंडरात १,००० घनमीटर, प्रत्यक्षात निघालं १,९००. टेंडरचा दर ६०० रुपये, चालू डीएसआर ७००, टेंडर १२ टक्के बिलो. पहिले १,२५० घनमीटर ६०० नेच जातात. उरलेल्या ६५० ना ६१६ रुपये. म्हणजे दर बदलल्यामुळे कंत्राटदाराला जास्त मिळाले १०,४०० रुपये. बिल फुगलं ते ९०० घनमीटर खडक जास्त फोडल्यामुळे, आणि तेवढंच मुरुमाचं खोदकाम बिलातून कमीही झालं पाहिजे. ही कमी झालेली बाब मेसेजवाले कधी दाखवत नाहीत. खरं तर काही वेळा बिलातही दिसत नाही, आणि ओरड करायची तर तिथे करावी.

आता बी-२ मधली खरी चलाखी बघा. तिथे प्रत्येक बाबीचा दर कंत्राटदार स्वतः भरतो. खडक वाढणार याची कुणकुण असलेला गडी खडकाला १,५०० रुपये भरतो, बाकीच्या बाबी पाडतो आणि एकूण टेंडर बिलोच ठेवतो. कलम नसतं तर १,९०० घनमीटरचे २८,५०,००० रुपये झाले असते. कलम लावलं की पहिल्या १,२५० चे १८,७५,००० आणि उरलेल्या ६५० चे ४,००,४००, मिळून २२,७५,४००. म्हणजे ५,७४,६०० रुपये वाचले, आणि ते ज्या कलमाला मेसेज शिव्या घालतो त्याच कलमामुळे.

‘भाववाढ आणि हे एकच’

नाही. भाववाढ ठरते निर्देशांकांवर: मजुरी, साहित्य, डिझेल, सिमेंट, लोखंड, डांबर. जमिनीखाली काय निघालं याच्याशी तिचा संबंध नाही. शिवाय विभागाच्या भाववाढ कलमातच लिहिलंय की जादा बाबींना आणि ३८/३७ खाली दिलेल्या वाढीव परिमाणाला भाववाढ देय नाही, कारण त्यांना चालू दर मिळालेलाच असतो. एखाद्या बिलात दोन्ही लागले असतील तर ती चूक ऑडिटने पकडायचीच असते.

‘जागा पाहिली असं लिहून दिलंय ना’

दिलंय. पण पाहिलं काय? टेंडर भरायच्या मुदतीत, जमीन ताब्यात नसताना, कोणी मशीन लावून बोअर घेत नाही आणि घेऊही देत नाहीत. जागतिक बँक किंवा जपानच्या जायका संस्थेच्या कर्जावरच्या कामांत फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ज्या नमुना करारांच्या धर्तीवर करार होतात, तिथे हे स्पष्ट लिहिलेलं आहे: खर्च आणि वेळ पाहता जितकी शक्य तितकी माहिती कंत्राटदाराने मिळवली असं समजायचं. फिडिकच्या १९९९ च्या लाल पुस्तकाचं (नमुना कराराचं) ४.१२ कलम तर आणखी कडक आहे. अनुभवी कंत्राटदाराला टेंडर भरेपर्यंत अंदाज येणं शक्य नव्हतं अशीच परिस्थिती चालते. पाऊसपाणी त्यात धरत नाहीत. मिळते ती मुदतवाढ आणि झालेला खर्च, त्यावर नफा नाही. २८ दिवसांत नोटीस दिली नाही तर दावा गेला. आणि बाकीच्या ठिकाणी जमीन अपेक्षेपेक्षा सोपी निघाली असेल तर अभियंता तेही हिशेबात घेऊ शकतो.

‘खासगीत कोण देतं?’

बोअरवेलवाल्याला विचारा. दर फुटावर, केसिंगचे वेगळे, खोली वाढली की स्लॅब बदलतो. ‘पाणी लागेपर्यंत ठोक इतके’ म्हणणारा भेटला तर त्याने सगळ्यात वाईट जागेचा खर्च आधीच धरलेला असतो.

‘कलम काढा, पैसे वाचतील’

बोअरवेलच्या ठोक दरासारखंच इथे होईल. धोका कंत्राटदाराच्या गळ्यात बांधला की जाणता माणूस त्याची किंमत दरात घालतो, खडक लागो वा न लागो. अडाणी घालत नाही, काम त्याला मिळतं आणि पायाच्या खोदाईतच अडकतं. फिडिकचं रुपेरी पुस्तक हा धोका कंत्राटदारावरच टाकतं, पण जमिनीखालचं काम मोठं असेल किंवा तपासायला वेळ आणि माहिती पुरेशी नसेल तर ते वापरू नका, असं त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत म्हटलंय. गोव्यातला पेडण्याचा बोगदा आठवा. पाण्याने भरलेल्या मऊ मातीतून तो नेताना कोकण रेल्वेची वर्षं गेली, आणि पूर्ण मार्ग सुरू व्हायला २६ जानेवारी १९९८ उजाडला. असल्या बोगद्याचा ठोक दर आधी कोण आणि कशाच्या आधारावर देणार? बोगद्यांसाठी २०१९ मध्ये आलेल्या फिडिकच्या पाचूच्या रंगाच्या पुस्तकाने म्हणूनच वेगळी वाट काढली: जमिनीबद्दल दोघांनी काय गृहीत धरलं त्याचा आधार-अहवाल करारालाच जोडायचा, आणि त्या रेषेपलीकडे गेलं तरच जादा.

मग गळतं कुठे?

पहिली जागा अंदाजपत्रक. जमीन तपासणीच्या आयएस १८९२ या भारतीय मानकाच्या १९७९ च्या आवृत्तीत म्हटलंय, सुमारे ०.४ हेक्टरच्या आटोपशीर इमारतीच्या जागेला चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक बोअर किंवा ट्रायल पिट (चाचणी खड्डा) पुरे. प्रत्यक्षात एकावर भागवलं जातं, नाहीतर शेजारच्या कामाचा अहवाल चिकटवला जातो. आपल्या काळ्या दगडाच्या मुलखात हे अंगाशी येतं. बेसॉल्ट कुजताना मुरुमात मोठे गोल गोटे तसेच राहतात. नेहमीच्या एनएक्स मापाच्या बोअरमधून निघणारा दगडाचा गाभा जेमतेम ५५ मिलिमीटर जाडीचा. तो गोट्यावर बसला की अहवालात खडक, दोन गोट्यांच्या मधून गेला की मुरूम. त्यामुळे बोअरइतकाच ट्रायल पिट महत्त्वाचा: त्यात भिंत डोळ्यांना दिसते. जे तपासलंच नाही त्याला ‘अनपेक्षित’ म्हणणं ही शुद्ध लबाडी आहे.

दुसरी जागा मोजमाप. खोदाईआधीची लेव्हल घेतात, तळाची घेतात, पण मुरूम संपून खडक सुरू झाला तिथली घेतच नाहीत. मग एम.बी.त (मोजमाप पुस्तकात) खडक-मुरुमाचा ६०:४० असा भाग टेबलावर बसून ठरतो. तोवर पीसीसी (पायाच्या तळाचं साधं काँक्रीट) पडलेलं असतं आणि पुरावा खाली गाडलेला. करायचं ते एवढंच: खडक उघडा पडला की त्या पट्ट्यातलं काम थांबवायचं, त्याच दिवशी लेखी कळवायचं, ग्रिडवर दोन्ही बाजूंनी मिळून थराच्या लेव्हल घ्यायच्या, मोजपट्टी (स्टाफ) दिसेल असे फोटो काढायचे, लेव्हल बुकावर जागेवरच सह्या घ्यायच्या. अमेरिकी केंद्र सरकारच्या करारांतही अट हीच आहे: परिस्थिती हलवण्याआधी नोटीस.

खडक आणि मुरूम मिसळलेला निघाला आणि खड्ड्यात वेगळा मोजता येत नसेल तर निघालेल्या कठीण दगडाचा चट्टा (रचलेला ढीग) लावून मोजतात आणि पोकळीपोटी ५० टक्के वजा करतात. १० बाय ५ बाय १.२ मीटरचा चट्टा म्हणजे ६० घनमीटर, देय कठीण खडक ३०. उरलेली खोदाई माती-मुरुमाच्या दराने. चट्टा सैल लावला की बिल फुगतं, वजावट विसरली की देय खडक सरळ दुप्पट होतो, आणि त्याला कोणत्याही कलमाची गरज लागत नाही.

मेसेज पुढे पाठवण्याऐवजी माहितीच्या अधिकारात त्या कामाचे बोअर लॉग, लेव्हल बुक, एम.बी.ची पानं आणि ३८/३७ चं विवरण मागा. खडक लागल्याच्या पत्राची तारीख पीसीसीच्या नोंदीनंतरची असेल, तर कार्यकारी अभियंत्याला विचारायचा पहिला प्रश्न तोच.