रामेश्वरमचे ते १०० ‘उपग्रह’ कक्षेत गेले नव्हते

‘शाळकरी मुलांनी १०० उपग्रह अवकाशात सोडले’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. घटना खरी आहे. ७ फेब्रुवारी २०२१ला रामेश्वरमहून हे उड्डाण झालं, आणि त्यात महाराष्ट्रातलीही बरीच मुलं होती. पण ‘अवकाशात’ हा शब्द चुकीचा आहे.

ती उपकरणं रॉकेटने नाही, हेलियमच्या फुग्याने वर गेली. उद्दिष्ट होतं ३५ ते ३८ किलोमीटर उंचीचं. अवकाशाची सीमा साधारण १०० किलोमीटरवर मानतात. शिवाय नुसती उंची गाठून भागत नाही. पृथ्वीभोवती फिरत राहायला सेकंदाला पावणेआठ किलोमीटरच्या आसपास वेग लागतो. फुगा तो देऊच शकत नाही. त्यामुळे ही उपकरणं आज वर फिरत असतील, असं समजू नका.

म्हणून मुलांचं काम कमी ठरतं का? मुळीच नाही! असा फुगा जमिनीवर अर्धवट भरलेला, लुळा दिसतो. वर हवेचा दाब घटत जातो तसा तो फुगतो. तीस-पस्तीस किलोमीटरवर हवा जमिनीच्या तुलनेत जेमतेम एक टक्का उरते, वाटेत थंडी उणे पन्नासच्या खाली जाते, आणि भर दिवसा आकाश काळं दिसतं. काही ग्रॅम वजनाच्या ठोकळ्यात सेन्सर बसवून पाचवी-सहावीतलं मूल तिथलं तापमान मोजतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर ‘अवकाशात’ काढून ‘फुग्याने वातावरणाच्या वरच्या थरात’ असं लिहा.