पादचाऱ्याने टेप बाळगावी

मुंबईत पायी चालता? मग तुमच्यासारखे भाग्यवान तुम्हीच. 2006च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानं केव्हाच सांगून ठेवलंय की रस्त्यावरची जागा माणसांना द्या, गाड्यांना नव्हे. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसनं 2012 साली मापंही काढून दिली: फुटपाथ किमान 1.8 मीटर मोकळा, कडेची उंची 150 मिलिमीटरच्या आत. मे 2025मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानं फुटपाथ थेट जगण्याच्या हक्कात नेऊन बसवला. एवढं सगळं मिळाल्यावर वर आणखी फुटपाथही मागायचा, म्हणजे हावरटपणाच की!

तरीही चालायचंच असेल तर निघताना टेप घ्या. शिंप्याची चालेल. ती दीड मीटरचीच असते, पण आपल्या फुटपाथला पुरून उरते. दादर स्टेशनाबाहेर पडलात की मोजायला लागा. दुकानाच्या पायरीपासून बाहेर मांडलेल्या बादल्या, बादल्यांपासून विजेचा डीपी, डीपीपासून झाडाचा पार, पारापासून कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स. उरलेल्या जागेत एक पाऊल नक्की मावतं. दुसऱ्या पावलाचा प्रस्ताव विचाराधीन असावा. (फेरीवाल्यावर मात्र खेकसू नका. परतताना कोथिंबीर त्याच्याकडूनच घ्यायची आहे.)

गुडघे दुखणाऱ्या आजींनी तर फुटपाथ सोडूच नये. प्रत्येक सोसायटीच्या गेटपाशी तो खाली उतरतो आणि पलीकडे पुन्हा चढतो, कारण आत जाणाऱ्या गाडीला उंचवटा लागता कामा नये. गाडीच्या कमरेची काळजी कुणीतरी घ्यायलाच हवी ना. बाइकवाले वर चढू नयेत म्हणून मध्येच खांबही रोवलेत. बाइक कडेनं निसटते, चाकाची खुर्ची तेवढी अडते. 2023मध्ये उच्च न्यायालयाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली.

आणि जमिनीचा एवढा हट्ट कशाला? 2008 साली वांद्रे पूर्वेला तुम्हाला स्कायवॉक देऊन आभाळात पाठवलंच होतं. खालचा रस्ता कसा गाड्यांना मोकळा झाला! पुढे तो स्कायवॉक धोकादायक ठरला आणि पाडला गेला, ती गोष्ट वेगळी.

सायकलवाल्यांनी पोहायला शिकून ठेवावं. वांद्रे-कुर्ला संकुलात 2011च्या सुमारास त्यांच्यासाठी ट्रॅक झाला; गाड्या उभ्या करायला तो फार सोयीचा पडला. मग डांबरी रस्त्याची एक इंचही जागा न घेता पवई तलावाच्या काठावरच ट्रॅक काढायला घेतला. 2022मध्ये उच्च न्यायालयानं तो बेकायदा ठरवून काढायला लावला. एकंदरीत पादचारी आभाळात, सायकल पाण्यात आणि गाडी जमिनीवर, अशी वाटणी ठरलेली आहे. फेरविचाराचे अर्ज वॉर्ड ऑफिसात घेतात. तिथवर जायला रिक्षा करा.

हं, टेपचा एक फायदा सांगायचा राहिला. ती लावून, कपाळाला आठ्या घालून, वहीत काहीतरी खरडत उभे राहा. दुकानदार लगबगीनं बाहेर येईल आणि विचारेल, ‘‘साहेब, आज पालिकेची अतिक्रमणवाली गाडी येणारे का?’’ काही बोलू नका, नुसतं घड्याळ बघा. बादल्या आत जातील, बोर्ड आत जाईल, शेजारचाही खुर्च्या उचलेल. दहा मिनिटं फुटपाथ रिकामा असतो. तेवढ्यात चालून घ्या.