पाच ट्यूब

"पर्मेथ्रिनच्या पाच ट्यूब द्या," मी शक्य तितक्या हळू म्हणालो. मेडिकलवाल्या पोराने ते आतल्या शेठना शक्य तितक्या मोठ्याने कळवलं, "खरजेचं मलम, पाच! अख्ख्या घराला झालीय!"

दिवाळीत हॉस्टेलवाला भाचा आठ दिवस माझ्याशेजारी झोपून गेला. पहिल्यांदाच होणारी खरूज उमटायला ४ ते ६ आठवडे घेते, म्हणजे पाहुणा जातो आणि आहेर मागाहून उघडतो. रात्री दिवा मालवला की बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेला नुसती आग. याच दुकानाने आधी 'फंगल असेल' म्हणत स्टिरॉइडवालं मलम गळ्यात मारलं होतं. लाली गेली, किडे मजेत राहिले, माझे पंधरा दिवस आणि पैसे गेले. त्याचं कुणाला काही नाही. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र भिंगातून बेचकं बघितलं आणि मिनिटभरात निकाल दिला. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, खाज असो वा नसो.

तर दुकानात रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी आमच्याच सोसायटीचे, चौथ्या मजल्यावरचे काका उभे.

"खरूज? तुम्हाला? पण तुम्ही रोज आंघोळ करता ना?"

"दोनदा करतो."

"मग?"

या 'मग'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो किडा कातडीत बीळ करून राहतो, त्याला तुमच्या साबणाशी काय घेणं?

"परवा मीटिंगला तुम्ही माझ्या हातून रजिस्टर घेतलंत."

"काका, कातडीला कातडी बराच वेळ लागावी लागते. आपण काय हातात हात घालून बसलो होतो?"

"पेनही घेतलंत."

"ते परत दिलं की!"

"तेच म्हणतोय मी!"

मग गंधकावर व्याख्यान. लहानपणी म्हणे आई अंगणात उभं करून खोबरेलात गंधक कालवून चोपडायची. वैताग याचा, की गंधकाचं मलम खरोखरच खरजेवर चालतं. म्हणजे एवढं बोलून माणूस बरोबरही निघाला! बोलता बोलता ते स्वतःच मान खाजवू लागले. माझ्याकडे पाहून थांबले. परतताना लिफ्ट आली, तर म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे." गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस चार मजले चढून गेला.

त्या रात्री आम्ही पाचही जण मानेपासून तळव्यापर्यंत, नखांखालीसुद्धा, मलम फासून भुतांसारखे बसलो. हात धुतले की पुन्हा लावा. आईच्या पाठीला बायको, बायकोच्या पाठीला मी, माझ्या पाठीला कुणी नाही. सकाळी चादरी कढत पाण्यात, रजया प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आठवडाभर कोपऱ्यात. आठव्या दिवशी तोच सोहळा पुन्हा. एवढं सगळं कशासाठी, तर अंगावर साधारण दहा-पंधराच माद्या असतात, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. आमच्या सोसायटीची कमिटीही तेवढीच आहे, आणि झोप तीही उडवतेच.

किडे मेले तरी खाज दोन-चार आठवडे राहते, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. सोसायटीला ते कोण सांगणार? काल खाली फलकावर नवी सूचना लागली: 'सभासदांनी सहीसाठी आपापले पेन आणावे.'