गळका माठ

काल रात्रपाळीच्या चहाला पुन्हा तोच वाद पेटला. 2025 च्या ऑगस्टमध्ये अँडी मोरन आयर्लंडमधल्या आमच्या मेयो काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) गेलिक फुटबॉल संघाचा मॅनेजर झाला, तेव्हापासून आमच्या कॅसलबार गावात दुसरा विषयच नाही. एक जण म्हणाला, मोरन फार प्रेमळ आहे, आत्ताच्या पोरांतल्या काहींबरोबर स्वतः खेळलाय, तो यांना झापणार कसा? दुसरी म्हणाली, झापणारेही येऊन गेले की, कप कुठाय? तिथून गाडी जुन्या पराभवांवर घसरली आणि कुणीतरी सहज बोलून गेलं, "2016 ची फायनल तर गोलकीपर हेनेलीनं घालवली."

माझा चहा गार झाला. मी इतकं बोलले की वॉर्डात परत जायला उशीर होता होता राहिला. तरी मनातलं सगळं इंग्रजीत मांडता आलं नाही, म्हणून इथं लिहिते. लांबलंय, सवडीनं वाचा.

ज्यांना गेलिक फुटबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एका बाजूला 15 जण. चेंडू हातात धरता येतो, लाथेनं मारता येतो, मुठीनं पास देता येतो. गोलाचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे. आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे 3 गुण. दांडीवरून गेला तर 1, आणि 2025 पासून 40 मीटरच्या कमानीबाहेरून मारला तर 2. धावफलकावर 1-15 असं लिहितात, म्हणजे एक गोल आणि वर 15 गुण, एकूण 18.

पण नियमांपेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. हे खेळाडू पगारी नाहीत. 1884 मध्ये थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात ही संघटना स्थापन झाली, ती आजही हौशी आहे. क्रोक पार्कवर 82 हजार लोकांसमोर खेळलेला पोरगा सुट्टी संपली की शाळेत शिकवायला जातो, नाहीतर शेतावर, नाहीतर बँकेत. आपल्या गावच्या क्लबकडून आणि आपल्या काउंटीकडून खेळायचं, बोली लावून कुणी कुणाला विकत घेत नाही.

कोल्हापूरच्या माणसाला हे समजवावं लागत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच ज्यानं पाहिली आहे, त्याला पेठेसाठी खेळणं म्हणजे काय ते ठाऊक आहे. मी 2014 मध्ये इथं आले, आणि मेयोच्या हिरव्या-लाल झेंड्यांनी भरलेला रस्ता बघितला तेव्हा परदेशात आल्यावर पहिल्यांदा घरी असल्यासारखं वाटलं.

मेयोनं शेवटचा सॅम मग्वायर कप, म्हणजे अखिल आयर्लंड विजेतेपदाचा कप, 1951 मध्ये जिंकला. त्यानंतर 1989 पासून 2021 पर्यंत 11 वेगवेगळ्या वर्षी फायनल हरले. सुमारे 1 लाख 38 हजार वस्तीची काउंटी, आणि त्यातल्या प्रत्येक घरात या 11 पराभवांचा एकेक गुन्हेगार ठरलेला आहे.

2016 चं आधी नीट सांगते. 18 सप्टेंबरला फायनल झाली. मेयोनं स्वतःच्याच जाळ्यात दोन गोल घातले आणि तरीही डब्लिनशी बरोबरी केली, 2-9 विरुद्ध 0-15. पुन्हा सामना ठरला 1 ऑक्टोबरला. मॅनेजर स्टीफन रॉचफर्डनं त्या दिवशी गोलकीपर बदलला. डेव्हिड क्लार्कला बाहेर बसवलं आणि रॉबी हेनेलीला उतरवलं. यामागे विचार होता. डब्लिनवाले क्लार्कच्या किकआउटवर, म्हणजे गोलकीपर चेंडू पुन्हा खेळात आणतो त्या किकवर, तुटून पडत होते आणि हेनेलीची किक लांब जायची. पण क्लार्क कुणी साधा कीपर नव्हता, त्या वर्षीच्या ऑल स्टार संघाचा, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघाचा, गोलकीपर तोच निवडला गेला. सामन्यात हेनेलीच्या हातून चेंडू सुटला, सावरताना त्यानं समोरच्याला पाडलं, पेनल्टी आणि ब्लॅक कार्ड, म्हणजे तेव्हाच्या नियमानं तो सामन्याबाहेर आणि जागी बदली खेळाडू. क्लार्क मैदानात आला तो थेट पेनल्टीला सामोरा. डियरमिड कॉनलीनं गोल केला. डब्लिन 1-15, मेयो 1-14. फरक एका गुणाचा.

आता मला सांगा, हा पराभव कुणाच्या खात्यावर लिहायचा? गोलकीपर बदलायचा निर्णय मॅनेजरचा होता. तो चुकीचाच होता असंही मी ठामपणे म्हणणार नाही, कारण जिंकले असते तर तेच लोक रॉचफर्डला डोक्यावर घेऊन नाचले असते. पण तो निर्णय होता, विचार करून घेतलेला. हेनेलीच्या हातून जे झालं तो एक क्षण होता. आणि इथल्या गप्पांमध्ये निर्णय घेणाऱ्याला "धाडस केलं बिचाऱ्यानं" आणि क्षणात सापडलेल्याला "त्यानं घालवली". हे मला पटत नाही, कधीच पटणार नाही.

मॅनेजर कडक हवा की मायाळू, हा इथला सगळ्यात लाडका वाद आहे. कडक म्हटलं की सगळे डोनेगॉलच्या जिम मॅकगिनेसचं नाव घेतात. 2011 च्या सेमीफायनलला त्यानं जवळजवळ सगळा संघ बचावाला ओढून बसवला. डब्लिन 0-8, डोनेगॉल 0-6, अख्खा आयर्लंड चिडला. पुढच्याच वर्षी, 2012 मध्ये, त्यानं डोनेगॉलला त्यांचा दुसरा कप जिंकून दिला. समोर कोण होतं? आमचं मेयो. पण त्या दोन वर्षांच्या मधे एक माणूस गळला. केव्हिन कॅसिडी. 2011 च्या क्वार्टरफायनलला किल्डेअरविरुद्ध जादा वेळेत विजयी गुण मारणारा तोच. एका पुस्तकासाठी त्यानं संघाच्या आतल्या गोष्टी सांगितल्या म्हणून मॅकगिनेसनं त्याला काढलं, आणि दहा महिन्यांनी बाकीच्यांनी कप उचलला. मला विचाराल तर शिक्षा गुन्ह्यापेक्षा फार मोठी होती. ज्याला पगार नाही त्याला त्या पदकाशिवाय दुसरं काय मिळणार होतं? कॅसिडीनं मात्र क्लबकडून खेळणं सोडलं नाही, आणि 2018 मध्ये गावच्या संघाबरोबर अल्स्टर प्रांताचा क्लब चषक जिंकला. डोनेगॉलच्या माणसांशी बोलताना हे मी आवर्जून सांगते.

मिक ओ'ड्वायरचं उदाहरण लोक दोन्ही बाजूंनी देतात. केरीबरोबर 1975 ते 1986 मध्ये 8 कप. पोरांना उलटी होईपर्यंत पळवायचा म्हणतात, आणि तीच पोरं म्हातारी झाली तरी त्याचं नाव काढताना हळवी होतात. पण माझ्या मते त्याची खरी ओळख केरीनंतरची. किल्डेअरला 1998 मध्ये लेन्स्टर प्रांताचा किताब मिळवून दिला, 1956 नंतरचा पहिला. मग लीशला 2003 मध्ये, 1946 नंतरचा पहिला. जिथं लोकांनी आशा सोडली होती तिथं जाऊन त्यानं पोरांना सांगितलं की तुम्ही हरायला जन्मला नाहीत. 2025 च्या एप्रिलमध्ये तो गेला, तेव्हा मेयोतली माणसंही गप्प होती.

आणि आमच्याकडचं 2015? तेव्हा मेयोला जोडीनं दोन मॅनेजर होते, खेळाडूंनी एकत्र येऊन दोघांवरही अविश्वास दाखवला, ते पायउतार झाले. त्या दिवसापासून मेयोच्या खेळाडूंवर "हे डोक्यावर बसलेत" असा शिक्का आहे. हौशी पोरं वर्षाची पाचशे कामं सांभाळून सरावाला येतात, त्यांना आपल्या तयारीबद्दल मत असू नये का? मी त्या वेळीही खेळाडूंच्या बाजूची होते, आजही आहे.

शिक्क्यांचं तर काय सांगायचं. केरीचा पॉल गॅल्विन 2008 मध्ये कॅप्टन होता. त्यानं पंचाच्या हातातली वही उडवली. चूकच होती, बंदी आली, आणि "बिघडलेला पोरगा" हे नाव लागलं. 2009 मध्ये तोच वर्षातला सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. टिरोनच्या शॉन कॅव्हनानं 2013 मध्ये मोनाहनच्या खेळाडूला गोलाकडे जाताना ओढून पाडलं. नियमात तेव्हा त्याला मोठी शिक्षा नव्हती, कोणत्याही संघाच्या कोणीही तेच केलं असतं. पण आरटीई या आयरिश टीव्हीवर विश्लेषक जो ब्रॉली म्हणाला की खेळाडू म्हणून तो थोर असेल, माणूस म्हणून त्याला विसरा. अशा पाडण्यासाठी ब्लॅक कार्डाचा नियम त्याआधीच मंजूर झाला होता, पुढच्या वर्षी तो लागू झाला, म्हणजे दोष नियमात होता. पण तीन कप जिंकलेल्या माणसाच्या माणुसकीबद्दल जे बोललं गेलं ते बोललं गेलं. सोमवारी त्या माणसाला ऑफिसला जायचं असतं. दुकानात दूध आणायला जायचं असतं. त्याची आई चर्चला जाते.

आणि आमचा किलियन ओ'कॉनर. 2016 च्या त्याच सामन्यात शेवटी बरोबरी करून देणारी फ्री किक हुकली. 2017 च्या फायनलला अगदी शेवटी त्याची किक खांबाला लागली, मेयो पुन्हा एका गुणानं हरलं. लोक हे दोन क्षण डोळे मिटून सांगतात. 2019 मध्ये त्यानं केरीच्या कॉल्म कूपरचा चॅम्पियनशिपमधला सर्वाधिक गुणांचा विक्रम मोडला, 2020 च्या सेमीफायनलला टिपररीविरुद्ध एकट्यानं 4-9 केले, हे आठवण करून द्यावं लागतं.

मी एवढी का पेटते, तेही सांगते. माझा दादा पेठेच्या संघात गोलकीपर होता. कुठला संघ ते लिहीत नाही. एका स्पर्धेच्या फायनलच्या आदल्या दिवशी त्याचं बोट सुजून काकडीएवढं झालं होतं. आईनं नको म्हटलं. प्रशिक्षक घरी आले, म्हणाले, "पेठेचा प्रश्न आहे, उतरायचं." दादा उतरला. पाऊस पडून गेला होता, साधा चेंडू हातातून निसटून आत गेला, आणि आम्ही हरलो. बोटाबद्दल प्रशिक्षक कुणाला एक शब्द बोलले नाहीत. कट्ट्यावर मात्र म्हणाले, "गळका माठ निघाला." ते नाव चिकटलं. लग्नाच्या वरातीत कुणीतरी ओरडलं, "ए गळका माठ, नाच की!" सगळे हसले, दादाही हसला. मी त्याच्या शेजारी होते, मला त्याचा चेहरा दिसत होता. त्या मॅचनंतर त्यानं हातमोजे घातले नाहीत.

म्हणून मॅनेजर मोजताना मी एकच बघते. ज्याला त्यानं उतरवलं, त्याच्या हातून चूक झाल्यावर हा कुठं उभा राहतो. कडक असो, मायाळू असो, माझं काही म्हणणं नाही.

आता हेनेलीची उरलेली गोष्ट, जी चहाच्या टेबलावर कुणी पुरी करत नाही. 2016 नंतर त्यानं खेळ सोडला असता तर कुणी दोष दिला नसता. तो राहिला. क्लार्क निवृत्त झाल्यावर 2021 मध्ये गोल पुन्हा त्याच्याकडे आला, मॅनेजर तेव्हा जेम्स होरन. 14 ऑगस्ट, सेमीफायनल, समोर लागोपाठ सहा कप जिंकलेलं डब्लिन. वेळ संपून गेलेली, मेयो एका गुणानं मागे, आणि 45 मीटरवरून किक मिळाली. मारायला गोलपोस्ट सोडून हेनेली पुढं आला. पहिली किक बाहेर गेली. डब्लिनचे खेळाडू आड धावले म्हणून पंचांनी ती पुन्हा घ्यायला लावली. दुसरी दांडीवरून गेली. जादा वेळेत मेयो जिंकलं, 0-17 विरुद्ध 0-14. फायनल टिरोनशी हरलो, ते दुःख वेगळं.

त्या रात्री मी दादाला व्हिडिओ पाठवला. त्याला या खेळाचं ओ की ठो माहीत नाही. 2016 पासूनचं सगळं सांगितलं. त्याचा फोन आला तेव्हा कोल्हापुरात पहाट व्हायला आली होती. बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं,

"पहिली हुकल्यावर दुसरी पण त्यालाच मारायला दिली?"

म्हटलं, "होय दादा. त्यालाच."