आमच्या भल्याची ही कसली काळजी!

‘बायकांना रात्रपाळी नकोच, त्यांच्याच भल्यासाठी सांगतोय’ हे आज कारखान्यात परत ऐकलं आणि डोक्यात तिडीक गेली. भलं? कुणाचं हो?

१९०६ साली बर्नमध्ये काही सरकारांनी करार केला : कारखान्यात बाईला रात्री काम नाही. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटना निघाली, तिने पहिल्याच वर्षी तीच री ओढली. १९४८ मध्ये पुन्हा तेच. वर त्यातली सूट बघा : आरोग्यसेवेतल्या बायकांना बंदी नाही! म्हणजे रात्रभर वॉर्डात पळणाऱ्या नर्सला रात्र बाधत नाही, मशीनवर चार पैसे जास्त कमवू बघणारीला मात्र लगेच बाधते. फ्रान्समध्ये तर एका कारखान्यात नोकऱ्या वाचाव्यात म्हणून बायकांनीच रात्रपाळीला कौल दिला, तरी मॅनेजरवर खटला. शेवटी १९९१ मध्ये युरोपच्या न्यायालयाला सांगावं लागलं, पुरुषांना बंदी नाही तर फक्त बायकांना घालता येणार नाही.

आणि पुरुष काय लोखंडाचे आहेत? रात्रपाळीमुळे कर्करोगाचा धोका संभवतो, असं जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था २००७ पासून सांगतेय, २०१९ मध्ये तिने ते पुन्हा तपासून कायम ठेवलं. पण बाप्याने डोळे चोळत काम केलं की तो कर्तबगार!

बरं, उत्तर शोधायला कुणाला नव्याने डोकं चालवायचं नाहीये. त्याच कामगार संघटनेचा १९९० चा १७१ क्रमांकाचा रात्रपाळीचा करार आहे ना. रात्री काम करणाऱ्या कुणालाही, बाई असो की पुरुष, मागितली तर मोफत आरोग्य तपासणी. रात्र झेपत नाही असं डॉक्टरने सांगितलं तर शक्य तिथे तशाच दुसऱ्या कामावर बदली. रात्रीचा मोबदला. वेळापत्रक लावण्याआधी कामगारांच्या प्रतिनिधींशी बोलणं. बाळंतपणाच्या आधी-नंतर मिळून किमान १६ आठवडे रात्रपाळीला पर्याय. खास बाईसाठी म्हणून आहे ते एवढंच, आणि ते रास्तच आहे.

पण मालक लोकांनी यातलं काय उचललं? ‘बायकांवरची बंदी गेली’ एवढंच! आमच्याकडे बायकांकडून संमतीच्या कागदावर सह्या घेतल्या की झालं संरक्षण. पुरुषांना तर तेही विचारत नाहीत, रोस्टर लावलं की निमूट यायचं. तपासणीचं विचारलं तर साहेब म्हणतात, ‘मग जनरल शिफ्ट घ्या ना मॅडम.’ घेते की! पण मग भत्ता बुडतो, आणि सुपरवायझरच्या जागेसाठी नावं काढताना तेच साहेब म्हणणार, ‘यांना रात्रीचा अनुभव नाही.’

आधी त्या तपासणीची तारीख लावा. माझ्यासाठी लावा आणि शेजारच्या मशीनवर पेंगणाऱ्या दादांसाठीही लावा. माझं भलं कशात आहे ते मी बघते.