‘एक रुपया न घालता मुलांचं पुस्तक’ : त्या निरोपाला उत्तर

गावोगावच्या साहित्य संमेलनांचा हंगाम जवळ आला की आमच्या सीमाभागातल्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक निरोप फिरायला लागतो. मुलांचं पुस्तक काढायला आता छापखान्याची पायरी चढायची गरज नाही, प्रिंट-ऑन-डिमांडवर, म्हणजे मागणी येईल तेवढ्याच प्रती छापून देणाऱ्या ऑनलाइन सेवेवर, फाइल अपलोड करा. खर्च शून्य, छपाई छापखान्यातल्या ऑफसेटसारखीच, मराठी चालतं, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) फुकट, आणि पुस्तक जगभर विकलं जातं. मी बेळगावात छपाईसाठी पुस्तकांच्या पानांची मांडणी करते. या निरोपावर विसंबून पदरचे पैसे घालवलेले लोक नंतर माझ्याकडे येतात, म्हणून एकेक दावा तपासून बघते.

‘खर्च शून्य.’ मागणी आली की तेवढीच प्रत छापायची, त्यामुळे आधी गठ्ठा छापून ठेवावा लागत नाही. खरं आहे ते एवढंच. चित्रकाराचं मानधन, मांडणी, मुद्रितशोधन यांतलं काहीच टळत नाही. उलट पुढे प्रत स्वस्त होण्याची वाटच बंद होते. ऑफसेटला प्लेटा काढणं आणि मशीन लावणं हा खर्च एकदाच येतो. समजा, तो 15,000 रुपये आला. 100 प्रतींवर तो प्रतीमागे 150 रुपये पडतो, 500 प्रतींवर 30. कागद आणि बांधणी वेगळी. प्रिंट-ऑन-डिमांडमध्ये तुमची पहिली प्रत आणि पाचशेवी प्रत जवळपास एकाच भावात पडते, आणि पानापानावर रंगीत चित्र असलं की तो भाव चढाच असतो. येळ्ळूरच्या संमेलनात स्टॉलवर थांबलेली आई पुस्तक हातात घेते आणि आधी मागची बाजू उलटून किंमत बघते. तिथेच पुस्तक घरी जाणार की नाही ते ठरतं.

‘छपाई ऑफसेटसारखीच.’ चांगल्या डिजिटल मशीनवर रंग छान येतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. अडतं ते बांधणीत. 24 पानी पुस्तक म्हणजे जेमतेम 12 कागद. त्याला परफेक्ट बायंडिंग करायचं म्हणजे दोन मिलिमीटरही जाड नसलेल्या पाठीला डिंक लावायचा. त्यात आर्ट पेपर गुळगुळीत, डिंक नीट धरत नाही. पहिलीतलं मूल पुस्तक जमिनीवर पालथं टाकतं, दोन्ही हातांनी दाबून सपाट करतं. चौथ्या दिवशी मधली पानं सुटी. एका शिक्षिकेच्या पुस्तकात भीमगडच्या जंगलातला गवा दोन पानांवर पसरून काढला होता. छापून आला तेव्हा त्याचं एक शिंग आणि अर्धं कपाळ पाठीच्या घडीत गेलेलं. पुस्तक कितीही उघडलं तरी ते दिसेना. याला सेंटर पिनच हवी, म्हणजे मधल्या घडीवर मारलेली पिन. पानं चारच्या पटीत ठेवली की पिन बसते आणि पुस्तक सपाट उघडतं. म्हणून सेवा निवडताना पहिला प्रश्न हाच विचारा : सेंटर पिन करता का? ॲमेझॉनच्या केडीपी या आपलं पुस्तक आपणच काढायच्या सेवेत साध्या बांधणीला किमान 24 पानं लागतात आणि पुठ्ठा बांधणीला किमान 75. आपली 16 पानी गोष्ट तिथे बसतच नाही.

‘मराठी चालतं.’ यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. केडीपीवर मराठी ई-पुस्तक निघतं. छापील पुस्तकासाठी मात्र त्यांच्या भाषांच्या यादीत मराठी नाही, आणि ज्या देशांच्या बाजारांत त्यांची छापील सोय आहे त्यांत भारतही नाही. निरोप लिहिणाऱ्यानं एवढं तरी बघायला हवं होतं. आपल्या देशातल्या सेवा, म्हणजे बंगळूरची पोथी डॉट कॉम, चेन्नईची नोशन प्रेस, इथेच छापतात. पण कुठेही गेलात तरी वर्डची फाइल पाठवू नका, फॉन्ट एम्बेड केलेली, म्हणजे अक्षरांचे साचे फाइलमध्येच बसवलेली, पीडीएफच द्या. माझ्या सुरुवातीच्या एका कामात मी ही काळजी घेतली नाही. प्रूफ आलं तेव्हा ‘चिमणी’ची ‘चमिणी’ झाली होती. पहिली वेलांटी सरकून पुढच्या अक्षरावर बसलेली, आणि तीही सगळ्या पुस्तकभर.

दुसरी गोष्ट बारीक वाटेल, पण मुलांच्या पुस्तकात ती मोठी आहे. बऱ्याच युनिकोड फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ मुळात हिंदी वळणाचे येतात. मराठी वळण फॉन्टमध्ये असावं लागतं आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ लावावी लागते, तेव्हाच ते उमटतं. आमच्याकडच्या मुलाला रस्त्यावरच्या पाट्यांवर मराठी अक्षर क्वचित भेटतं. त्याला मराठी दिसतं ते शाळेच्या फळ्यावर आणि पुस्तकात. बाई फळ्यावर एक ‘ल’ काढणार आणि गोष्टीच्या पुस्तकात दुसराच निघणार, तर ते मूल अडखळणारच. ‘बाई, हे काय लिहिलंय?’ हा प्रश्न मी स्वतः वर्गात बसून ऐकलाय.

‘आयएसबीएन फुकट.’ तो सगळ्यांनाच फुकट आहे. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडे ऑनलाइन अर्ज करा, पैसे पडत नाहीत. सेवेनं स्वतःचा क्रमांक दिला तर नोंदीत प्रकाशक म्हणून सहसा त्यांचं नाव लागतं, आणि उद्या तेच पुस्तक कोल्हापुरात छापायचं ठरवलंत तर तो क्रमांक घेऊन जाता येत नाही. स्वतःच्या नावावर काढा.

‘जगभर विक्री.’ यादीत नाव लागणं आणि पुस्तक खपणं यांत फार अंतर आहे. पुण्यात किंवा आखातात राहणाऱ्या आपल्या माणसाला घरबसल्या प्रत मिळते, आणि तेवढ्यासाठी प्रिंट-ऑन-डिमांड जरूर ठेवा. पण आपली मुलं कडोलीत, उचगावात, सांबऱ्यात, खानापूरच्या वाड्यांवर आहेत. 24 पानी पुस्तकाला वरून कुरियरचे पैसे कोण भरणार? ती पुस्तकं पिशवीत घालून शाळेतच न्यावी लागतात आणि त्यासाठी गठ्ठा हातात असावा लागतो.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी असं सांगते. प्रिंट-ऑन-डिमांडवर आधी दोन-तीन प्रतीच मागवा, चुका तिथे दुरुस्त करणं सोपं असतं. चित्रं 300 डीपीआयची, म्हणजे इंचाला 300 ठिपक्यांची, हवीत. साडेआठ इंची चौरस पानाला दर बाजूला 2550 पिक्सेल लागतात, आणि कडेपर्यंत रंग असेल तर कटिंगसाठी तीन मिलिमीटर जास्त सोडा. आलेली एक प्रत दुसरीतल्या दोन मुलांकडे सोमवारी द्या आणि शनिवारी परत मागून पानं मोजा. सगळी जागेवर असली, गव्याची दोन्ही शिंगं दिसली आणि मुलांनी न अडखळता वाचून दाखवलं, तर जवळच्या छापखान्यात तीच प्रत नमुना (डमी) म्हणून घेऊन जा आणि 300 प्रतींचा भाव विचारा.