फाइल फुकट दिली म्हणजे मापांची जबाबदारी संपली का?

डोकं फिरलंय आज. घरच्या थ्रीडी प्रिंटरवर भाग छापून बनवायच्या चालत्या रोबोटच्या डिझाइनसोबत लोक सगळं देतात, फोटो देतात, व्हिडिओ देतात, कोड देतात. पण कुठल्या भोकात किती फट धरली आहे हे सांगणारी एक ओळ लिहायला हात दुखतात! पिन ३ मिलिमीटरची आणि भोकही बरोबर ३चंच. अहो, प्रिंट केलेलं भोक मापापेक्षा लहान येतं हे तुम्हाला ठाऊक नाही? एसटीएलमध्ये, म्हणजे छापायच्या आकाराच्या फाइलमध्ये, गोल म्हणून जे दिसतं तो मुळात बहुभुज असतो, त्यात वितळलेलं प्लास्टिक वळणावर आत ओढलं जातं. खालचा थर प्रिंटरच्या पाटावर (बेडवर) दबून पसरतो तो वेगळाच. कशी जाणार त्यात पिन?

मग बसा कानस घेऊन. आणि कानस जरा जास्त चालली की सांधा खुळखुळला. भोक जाड्या पट्टीत असेल तर निभावतं एक वेळ, पण इथे पट्टी ४ मिलिमीटरची. भोक पिनेपेक्षा ०.२ने मोठं झालं की पिन जवळपास ३ अंश कलते. खुब्याच्या उभ्या पिनेचं असं झालं तर १०० मिलिमीटर लांब पायाचं टोक ५ मिलिमीटर खाली येतं. त्यात मांडीची, गुडघ्याची आणि सर्व्होच्या, म्हणजे सांधा फिरवणाऱ्या छोट्या मोटरच्या, गिअरची ढिलाई मिळवा. पाऊल उचलायचं तेवढंच थोडं असतं, त्यातलं निम्मं इथेच गेलं. रोबोट चालत नाही, पाय फरफटतो.

विचारलं की ठरलेलं उत्तर: "कोडमध्ये ट्रिम करा." काय ट्रिम करू? ट्रिम म्हणजे सर्व्होच्या कोनात एक ठरलेला आकडा मिळवणं, त्याने कायमचा वाकडेपणा जातो, ढिलाई जात नाही! पाय टेकलेला असताना सगळी फट एका बाजूला जाते, उचलला की दुसऱ्या बाजूला. प्रत्येक पावलाला दिशा बदलते, त्याला एक आकडा कसा पुरेल?

दुसरं उत्तर त्याहून संतापजनक: "स्लाइसरमध्ये भोकं मोठी करा." स्लाइसर म्हणजे आकाराचे थर पाडून प्रिंटरला देणारं सॉफ्टवेअर, त्यात मोठी करायची म्हणजे सगळीच! पिनेचं भोक मोकळं हवं आणि बेअरिंगची जागा घट्ट हवी, नाहीतर बेअरिंग हाताने उचलून निघतं. कुठलं भोक कशासाठी आहे हे फक्त डिझाइन करणाऱ्याला माहीत असतं, आणि तोच गप्प!

स्वस्त सर्व्होचं मी समजू शकतो. ९ ग्रॅमच्या प्लास्टिक गिअरकडून कुणी अचूकपणा मागत नाही. त्या किमतीत तो जेवढं करतो तेवढं पुष्कळ आहे. पण म्हणूनच बाकीचे सांधे नीट हवेत ना!

मागणं फार मोठं नाहीये. एसटीएलसोबत स्टेप (STEP) फाइल टाका, म्हणजे माप बदलता येईल. ३.१पासून ३.४पर्यंत भोकं असलेली एक छोटी चाचणी पट्टी द्या, ती थोड्या वेळात छापून होते आणि आपल्या प्रिंटरवर काय बसतं ते लगेच कळतं. आणि प्रत्येक भोकासमोर लिहा, घट्ट की मोकळं. एवढंही करायचं नसेल तर "कुणालाही सहज बनवता येईल" असं वर लिहू नका.